वजा चाळीस

माझ्या वहीत त्यांच्या नावाचं एक पान होतं. तक्रारींचं. ऑफिसातल्या प्रत्येकाच्या नावाने एक पान मी ठेवत असे, पण बाकीच्यांची पानं अर्धी भरून थांबली. त्यांचं मागच्या बाजूला गेलं आणि शेवटी पुरवणी जोडावी लागली. पहिली नोंद, 'मला बाय म्हणतात.' दुसरी, 'जिन्यात जेवतात.' तिसरी, 'मॉनिटरला चिकटपट्ट्या.' ते नोकरी सोडून गेले त्याला आता वर्ष होईल. परवा नव्याने लागलेल्या एडिटरला काम समजावून देताना ते पान समोर आलं, आणि माझ्या लक्षात आलं की त्यातल्या निम्म्या गोष्टी मी तिला नियम म्हणून सांगत होते.

आमचा स्टुडिओ अंधेरी पश्चिमेला, एका इंडस्ट्रियल इस्टेटच्या दुसऱ्या मजल्यावर. खालच्या गाळ्यात बाटल्यांची झाकणं बनतात. स्टुडिओ हा मालकांचा, भावेशभाईंचा शब्द. तिथे कॅमेरा एकही नव्हता. दोन गाळे मधली भिंत पाडून एक केलेले, नऊ कॉम्प्युटर, नऊ माणसं. लग्नांचे, कंपन्यांचे, शाळांचे व्हिडिओ बाहेरून शूट होऊन यायचे, आम्ही ते कापून, जोडून, नावं घालून द्यायचो. कामाचं वाटप, तारखा, हजेरी आणि तपासणी माझ्याकडे. ते सगळ्यांत जुने एडिटर. त्यांना सगळे दादा म्हणत, भावेशभाईसुद्धा.

दादा वर्सोव्याच्या कोळीवाड्यातले. तिथे बाईमाणसाला बाय म्हणायची रीत आहे, हे मला माहीत होतं. तरी पहिल्याच आठवड्यात मी त्यांना सांगितलं की ऑफिसात मला ताई म्हणा किंवा मॅडम म्हणा. त्यांनी ते शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाले, "बरं बाय."

जेवणाचं असं होतं की इस्टेटच्या नियमात गाळ्यात मासे-मटण आणायला बंदी. दादा सव्वाबाराला डबा घेऊन बाहेर जायचे, पहिल्या आणि दुसऱ्या मजल्याच्या मधल्या पायरीवर वर्तमानपत्र पसरायचे आणि तिथे बसून जेवायचे. इस्टेटचे सेक्रेटरी एकदा त्यांच्यासमोर येऊन उभे राहिले. दादांनी विचारलं, नियम गाळ्याचा आहे ना, मग जिना गाळ्यात येतो काय. सेक्रेटरी कागद बघून परत आले आणि म्हणाले, जिना इस्टेटच्या हद्दीत येतो. हद्द कुठून सुरू होते, हा दादांचा पुढचा प्रश्न. दोघं मिळून ती बघायला खाली फाटकापर्यंत गेले. फाटक एकदा रस्तारुंदीत आत सरकलेलं, त्यामुळे कागदावरची हद्द बाहेर पानवाल्याच्या टपरीतून जात होती. नियम लावायचा तर आधी पानवाल्याचा डबा उघडून बघावा लागला असता. सेक्रेटरींनी तो विषय पुन्हा काढला नाही. आमचं घर मूळ रत्नागिरीकडचं, वडील गिरणीत, मासे माझ्याही घरी आठवड्यातून चारदा. चौथ्या महिन्यात एकदा मी जिन्यातून वर येत असताना दादांनी काही न विचारता चपातीत गुंडाळलेला तळलेला बोंबील पुढे केला. मी तो उभ्याउभ्या खाल्ला. वहीतली नोंद मी खोडली नाही, पण पुढे वाढवलीही नाही.

त्यांचं एक ठरलेलं वाक्य होतं, "आकडा नको, खूण सांग." कुरिअरवाला फोनवर पत्ता विचारायचा. मी सांगायचे, दुसरा मजला, गाळा दोनशे सात. दादा माझ्या हातातून फोन घेऊन म्हणायचे, "खाली खटखट आवाज येईल झाकणांचा. त्या आवाजाच्या डोक्यावर चढ." इस्टेटला दोन विंग आहेत आणि दोन्हींत दोनशे सात आहे. माझा आकडा ऐकून निघालेले कुरिअरवाले हमखास दुसऱ्या विंगेत अगरबत्तीच्या गोदामात पोचायचे. दादांनी खूण सांगितलेली माणसं सरळ आमच्या दारात यायची. कुणी 'स्टेशनपासून दहा मिनिटं' म्हटलं तर दादा विचारायचे, कुठल्या पुलावरून, कुणाच्या पायांनी. हा वेळ फुकट जातो असं माझं मत होतं आणि ते मी लिहून ठेवलं होतं.

पण त्यांची खरी अडवणूक चालायची ती पडद्यावर. आमच्या कामात पडद्यावरच्या प्रत्येक गोष्टीला जागा असते. नाव कुठे यावं, लोगो कुठे, खालची ओळ किती वर. ही जागा दोन आकड्यांत सांगतात, आडवा किती आणि उभा किती. ऐकायला सोपं आहे. पण आम्ही ज्या सॉफ्टवेअरवर अनेक वर्षं काम केलं, त्यात मोजणी पडद्याच्या वरच्या डाव्या कोपऱ्यातून सुरू व्हायची आणि खाली जाल तसा उभा आकडा वाढायचा. दुसऱ्या एका सॉफ्टवेअरमध्ये मोजणी पडद्याच्या मधोमध सुरू होते आणि वर जाल तसा आकडा वाढतो. एकात आकडा वस्तूच्या मध्याचा, एकात तिच्या कोपऱ्याचा. आणि एका चौकटीच्या आत दुसरी चौकट ठेवली, की आतल्या चौकटीची मोजणी पुन्हा नव्याने सुरू. माणसं यावर तक्ता करतात, तक्त्यावर विश्वास ठेवतात आणि आकडे टाइप करून मोकळी होतात. दादा आकडा टाइप करत नसत.

त्यांच्याकडे पारदर्शक प्लॅस्टिकचे तीन कागद होते. त्यांवर त्यांनी मार्करने रेघा मारल्या होत्या. काम बघून त्यातला एक कागद मॉनिटरवर चिकटपट्टीने लावायचे आणि मग पडद्यावरचं नाव किंवा चित्र माऊसने ढकलत ढकलत त्या रेघांना आणून भिडवायचे. शेवटी खुर्ची मागे सरकवून एक डोळा मिटायचे. शेजारच्या टेबलावर वैशाली बसायची. पस्तिशीची, घाटकोपरहून मेट्रोने यायची, सगळ्या ऑफिसात तिचा हात वेगवान. ती म्हणायची, "दादा, एडिट करताय की नेम धरताय?"

"नेमच धरतो. तू न बघता गोळी मारतेस."

"पण माझी लागते ना."

"लागते गो. कुणाला, ते बघितलंस काय?"

हे रोज चालायचं. मला ते चालायचं नाही, कारण दादांना एका नावाला जेवढा वेळ लागायचा तेवढ्यात वैशालीची दहा नावं लागून व्हायची.

हे वेड आलं कुठून, ते एका दुपारी कळलं. इस्टेटची वीज गेली होती आणि आम्ही सगळे गच्चीवर चढलो होतो. पश्चिमेला दोन टॉवरच्या फटीतून समुद्राचा हातभर तुकडा दिसतो. दादा तिकडे तोंड करून उभे होते. त्यांच्या वडिलांची होडी होती. जाळं समुद्रात रोवलेल्या खुंटांना बांधायचं आणि भरतीला खुंट पाण्याखाली जायचे. मग ते सापडायचे कसे, असं मी विचारलं. दादांनी हाताने हवेत दोन रेघा मारल्या. देवळाचा कळस आणि त्याच्या मागची टेकडी एकावर एक आली की ती एक रेघ. किल्ल्याचा कोपरा आणि बर्फाच्या कारखान्याची चिमणी एकावर एक आली की ती दुसरी. दोन रेघा कापतात तिथे खाली आपलं जाळं. पुढे टेकडीसमोर टॉवर उभा राहिला आणि टेकडी दिसेनाशी झाली. मी म्हटलं, मग वडिलांना वाईट वाटलं असेल. दादा म्हणाले, "वाईट कशाला? टॉवरच्या पाण्याच्या टाकीलाच खूण केली. टेकडीपेक्षा चांगली दिसायची."

नंतर धाकट्या भावाने होडीवर जागा दाखवणारं यंत्र घेतलं. एकदा भावाचा पाय मोडला असताना शेजाऱ्याने त्याचं जाळं लावून दिलं आणि आपल्या यंत्रात बघून जागेचे आकडे कागदावर लिहून दिले. पाय बरा झाल्यावर भावाने तेच आकडे आपल्या यंत्रात घातले आणि अर्धा दिवस स्वतःचंच जाळं शोधत फिरला. शेजाऱ्याच्या यंत्रात एका अंशाचे साठ भाग करून मोजलेले, भावाच्या यंत्रात शंभर. मी विचारलं, मग चुकीचं यंत्र कुठलं?

"कुठलंच नाय," दादा म्हणाले. वीज आली आणि आम्ही खाली उतरलो. माझी वही खालीच राहिली होती, त्यामुळे हे लिहून घेतलं गेलं नाही.

त्याच्या पुढच्या वर्षी गणिताच्या धड्यांचं काम आलं. कर्णबधिर मुलांची शाळा चालवणाऱ्या एका संस्थेसाठी छत्तीस धडे. पडद्यावर डावीकडे फळा आणि गणित, उजवीकडे खाली एक चौकट. त्या चौकटीत रेखा नावाची दुभाषी हातांच्या भाषेत धडा समजावून सांगते. शाळा सुरू होण्याआधी सगळे धडे द्यायचे होते. सहा धडे झाले आणि ऑफिसचे कॉम्प्युटर बदलले. नव्यांवर जुनं सॉफ्टवेअर चालेना, म्हणून नवं घेतलं. नव्यात मोजणी मधोमधून. आधीच्या सहा धड्यांसारखेच पुढचे तीस दिसले पाहिजेत, म्हणून मी तक्ता करायला घेतला.

एक सबंध सकाळ मी त्यावर घालवली. जुने आकडे घेतले आणि नव्या मोजणीत बसवले. पहिल्या खेपेला रेखाची चौकट उडून पडद्याच्या वरच्या कोपऱ्यात जाऊन बसली. तेव्हा कळलं की उभ्या आकड्याचं चिन्हही उलटं करायला हवं. ते केल्यावर चौकट खाली जागेवर आली. तक्त्यात अकरा आकडे होते. शेवटचा आकडा चौकटीच्या आतल्या चित्राचा होता, रेखा त्या चौकटीत किती वर किंवा किती खाली दिसावी याचा. जुन्यात तो वजा चाळीस होता. मी वजा चाळीस लिहिलं, तक्त्याच्या दोन प्रती काढल्या आणि एक वैशालीला दिली, एक दादांना. वैशालीला अठरा धडे, दादांना बारा.

निकाल सगळ्यांना आवडला. आधीच्या सहा धड्यांत रेखाचं डोकं चौकटीच्या वरच्या कडेला जवळजवळ टेकलेलं दिसायचं. आता तिचा चेहरा अगदी मधोमध आला. भावेशभाई माझ्या मागे उभं राहून म्हणाले, "अब लगता है प्रोफेशनल." वैशालीचे धडे एकामागून एक येत गेले, सगळे एकसारखे, पट्टी लावून बघावेत असे.

दादांचे हळू आले आणि वेगळे आले. त्यांच्या धड्यांत रेखाचं डोकं पुन्हा वर टेकलेलं. मी पहिले दोन परत पाठवले. ते तसेच परत आले. मी त्यांच्या टेबलापाशी गेले.

"दादा, डोकं चिकटतंय वर."

"हात बघितलेस काय?"

"तक्त्याप्रमाणे करा. सगळ्यांचं सारखं दिसायला हवं."

"आतल्या चौकटीत शून्य कुठे धरलंयस तू?"

मी म्हटलं, सगळीकडे एकच पद्धत धरली आहे. ते मॉनिटरवरच्या चिकटपट्टीचं सुटलेलं टोक अंगठ्याने दाबत पुन्हा कामाला लागले. मी त्यांच्या पानावर 'उलट प्रश्न' असं लिहिलं. हात बघायचं राहूनच गेलं.

त्याच सुमारास भावेशभाईंनी मला केबिनमध्ये बोलावलं. दोनपैकी एक गाळा ते सोडणार होते. राहिलेल्या एका गाळ्यात सहा टेबलं बसत होती आणि आम्ही नऊ होतो. महिनाअखेरीपर्यंत मी त्यांना तीन नावं द्यायची होती. दोन नावं आपोआप मिळाली. एकीचं लग्न ठरून ती बडोद्याला चालली होती, एकाला दुसरीकडे नोकरी लागली होती. तिसरं नाव मला शोधायचं होतं, आणि ज्याचं नाव मी देणार त्याची नोकरी जाणार होती.

मी ते मनाने ठरवलं नाही. सॉफ्टवेअर बदलल्यापासून प्रत्येकाने जेवणाआधी किती मिनिटांचा व्हिडिओ पुरा केला आणि जेवणानंतर किती, हे दोन रकान्यांत लिहायची सोय मी केली होती. शनिवारी मी त्याची बेरीज करून तक्ता भिंतीवरच्या सॉफ्टबोर्डवर लावत असे. बेरजा समोर होत्या. सर्वांत कमी दादांची होती, तीही दोन परत पाठवलेले धडे धरून. त्यांचं वय एकोणसाठ, मुलगी नोकरीला लागलेली, घर स्वतःचं. मी तिसरं नाव लिहिलं, कागद पाकिटात घातला आणि भावेशभाईंच्या टेबलावर ठेवला.

चारच दिवसांनी संस्थेकडून नंदिनी मॅडम धडे तपासायला आल्या. त्या त्याच शाळेत गणित शिकवतात आणि त्यांना स्वतःला ऐकू येत नाही. सोबत रेखा होती, त्यांचं बोलणं आम्हाला सांगायला. मोठ्या मॉनिटरवर मी वैशालीचा धडा लावला, अपूर्णांकांचा. भावेशभाईंनी चहा मागवला. नंदिनी मॅडम दोन मिनिटं बघत होत्या. मग त्यांनी हात वर करून थांबायला सांगितलं आणि रेखाकडे वळून भराभर काही म्हणाल्या. रेखा आमच्याकडे वळली. तिचा चेहरा उतरला होता.

"मॅडम विचारतायत, ही बाई बोलता बोलता मध्येच गप्प का होते?"

कुणाला कळेना. मी धडा पुन्हा सुरुवातीपासून लावला, आणि या वेळी पहिल्यांदाच चेहरा सोडून खाली बघितलं. रेखा छान मधोमध होती. तिच्या कोपराच्या खालचं सगळं चौकटीच्या बाहेर होतं. हात छातीपाशी असेपर्यंत शब्द दिसायचे. खाली गेले की वाक्य तुटायचं. भागाकार सांगताना तिचे हात सारखे कंबरेपाशी जात होते. दादा सोडून ऐकू येणाऱ्या आम्हा सगळ्यांना तिचा चेहरा दिसला होता, आणि तो नीट दिसतो म्हणून आम्ही खूश होतो.

दुसरा धडा लावला, तोही तसाच. तिसराही. शेवटी दादांचा, मी परत पाठवलेला, लावला. डोकं वर टेकलेलं, हात पूर्ण. त्या धड्यात भाकरी वाटून घेण्याचं एक उदाहरण होतं आणि त्यात रेखाने काही गंमत केली होती. आम्हाला ती कळली नाही. नंदिनी मॅडम मोठ्याने हसल्या.

अठरा धड्यांवर वैशालीचं नाव होतं. भावेशभाईंनी तिच्याकडे बघितलं. तिच्या डोळ्यांत पाणी यायच्या बेतात होतं. दादा आपल्या खुर्चीवरून म्हणाले, "तिला दिलेलं तिने लावलंय." मग मी तक्ता पुढे केला आणि अकराव्या आकड्यावर बोट ठेवलं. जुन्या सॉफ्टवेअरमध्ये खाली जाल तसा आकडा वाढायचा, म्हणून वजा चाळीस म्हणजे चाळीसने वर. नव्यात वर जाल तसा वाढतो, म्हणून तेच वजा चाळीस म्हणजे चाळीसने खाली. बाहेरच्या चौकटीचं चिन्ह मी उलटं केलं होतं, कारण ती चूक डोळ्यांवर आपटली होती. आतल्याचं राहिलं, कारण ती चूक बघायला छान दिसत होती. मी सांगितलं की चूक माझी आहे. भावेशभाई म्हणाले, "गलती किसकी वो बाद में. शाळा सुरू होण्याआधी होईल का, ते सांग."

दुसऱ्या दिवशी नंदिनी मॅडम एकट्याच आल्या आणि दादांच्या शेजारी खुर्ची टाकून बसल्या. दादांना हातांची भाषा येत नव्हती, त्यांना दादांची ऐकू येत नव्हती. दादा माऊसने रेखाला चौकटीत हळूहळू वर सरकवायचे. जागा बरोबर आली की मॅडम तळहात उभा धरायच्या. मग पुढचा धडा. रेखा काही धड्यांत उभी होती, काहींत बसलेली, प्रत्येकात तळहात निराळ्या जागी उभा राहिला. तासाभरात दादांनी नव्या प्लॅस्टिकवर दोन रेघा मारल्या. कोपर याच्या खाली जाता कामा नये, डोक्यावर नेलेली बोटं याच्या वर जाता कामा नयेत. तसाच एक कागद त्यांनी वैशालीच्या मॉनिटरवर स्वतः चिकटवून दिला. मी मागे उभी राहून आकडे टिपत होते. पहिल्या धड्याचा अधिक बेचाळीस आला.

"लिही," दादा मागे न बघता म्हणाले. "पण धड्यापुढे लिही. सगळ्यांना एक लावू नको."

त्या संध्याकाळी भावेशभाईंनी मला ते पाकीट परत दिलं. दादांना काढता येणार नाही, म्हणाले, दुसरं नाव घाल, तीन म्हणजे तीन. मी पुन्हा बेरजा बघितल्या. वैशालीचे अठरा धडे परत करायचे होते, म्हणजे तिच्या बेरजेतले अठरा गेले. ते गेल्यावर सर्वांत कमी तिचीच बेरीज उरत होती. शिवाय ती सर्वांत शेवटी लागलेली, आणि सकाळी दोन-दोन तास उशिरा येणारी. सासूबाईंना फिजिओथेरपीला न्यावं लागतं, हे तिने मला सांगितलं होतं आणि तेही तिच्या पानावर होतं. मी तिसरं नाव बदललं. पाकीट मात्र त्या दिवशी दिलं नाही. का, ते मला सांगता येणार नाही. सकाळी देऊ म्हटलं.

सकाळी ते पर्समध्येच राहिलं. पाऊण वाजून गेल्यावर दादा जेवून वर आले. वैशाली हात धुवायला गेली होती. मी त्यांच्याजवळ जाऊन सांगून टाकलं की गाळा सुटतो आहे, तीन माणसं कमी होणार आहेत आणि तिसरं नाव मी त्यांचं दिलं होतं.

"म्हायती आहे," ते म्हणाले. "बेरजा तू भिंतीला लावतेस. मला काय वाचता येत नाय?"

"मग बोलला का नाहीत?"

"काय बोलू? हळूच आहे मी. खोटं लिहिलं नव्हतंस." त्यांनी प्लॅस्टिकवरची धूळ शर्टाच्या बाहीने पुसली. "आता काढलंस काय नाव?"

"काढलं."

"मग कोणाचं घातलंस?"

त्यांनी शेजारच्या रिकाम्या खुर्चीकडे बघितलं, मग माझ्याकडे.

"तिचे अठरा गेले म्हणून?"

मी म्हटलं, बेरीज तशी येते.

"ते अठरा तुझ्या नावावर टाक ना, बाय. मग बघ बेरीज कोणाची कमी येते."

आवाज चढवला नव्हता. खाली झाकणांची खटखट चालू होती. ते उठले आणि सॉफ्टबोर्डपाशी जाऊन उभे राहिले. शनिवारचा तक्ता त्यांनी बराच वेळ वाचला, बोट आडवं न्यायचे, मग उभं. मला वाटलं, माझी दुसरी चूक शोधतायत.

"इकडे ये," ते म्हणाले. "हे माझं. जेवणाआधी बघ. आता जेवणानंतर बघ."

मी बघितलं. त्यांचं जवळजवळ सगळं काम सकाळच्या रकान्यात होतं. दुपारच्या रकान्यात आठवडाभर मिळून चार-पाच मिनिटांचं.

"दुपारी मी बसतो नुसता. डोळा मिटतो तो नेम धरायला नाय. आता हिचं बघ."

वैशालीच्या सकाळच्या रकान्यात फारसं काही नव्हतं. सगळं दुपारी. आठवड्यामागून आठवडा तसंच. तो तक्ता मीच आखला होता, मीच भरून घेत होते. दर शनिवारी शेवटच्या रकान्यात बेरीज लिहिली की माझं काम संपत असे.

"दोघांना मिळून एक टेबल पुरतं," दादा म्हणाले. "सकाळी मी, दुपारी ती. तुझी टेबलं सहाच राहतात की."

मी म्हटलं, पगार अर्धा होईल. तुमचाही, तिचाही. तिला परवडेल की नाही, तिला विचारावं लागेल.

"तिला विचार. अर्धा नको असला तर ती सांगेल. काहीच नको, असं तर नाय सांगणार. आणि माझं म्हणशील तर झोपायचे पैसे घेत होतो इतके दिवस."

"भावेशभाई कबूल होणार नाहीत."

"तू जाऊन सांग. मी गेलो तर म्हणेल, म्हातारा रडायला आला."

वैशाली हात पुसत परत आली. दादांनी आपला डबा पिशवीत घातला, चष्मा खिशात ठेवला आणि खुर्चीतून बाजूला झाले.

"वैशाली, इथे बस. माझ्या मशीनवर. रेघा लावलेल्या आहेत."

"तुम्ही कुठे चाललात?"

"घरी. एक वाजला."

तिने माझ्याकडे बघितलं. मी म्हटलं, बस, नंतर सांगते. ती बसली. दादा चपला घालून जिना उतरून गेले. मी सॉफ्टबोर्डवरचा तक्ता काढून घेतला आणि भावेशभाईंच्या केबिनचं दार वाजवलं.

त्यांना आणि मग वैशालीला हो म्हणायला चार वाजले. तोपर्यंत वैशालीचे दोन धडे दुरुस्त होऊन तपासणीला आले होते.